सात नंबरची पाकळी

“एकदा नाही म्हटलं की नाही. तुम्ही जा, टाळ्या वाजवा, चहा प्या आणि या,” असं म्हणून सासूबाईंनी वाटाण्याच्या शेंगांची परात पुढे ओढली.

“अगं आई, पण मॅनेजरांनी खास तुझ्यासाठी निरोप पाठवलाय.” मुलगा एका पायात बूट घालून दारात उभा होता. “चौतीस वर्षं काढलीस तू तिथे. आज ती गाडी मंगळावर उतरायची, तुझ्या हातची छत्री तिथे उघडायची, आणि तू इथे वाटाणे सोलत बसणार?”

“मग काय, मंगळावरून कोणी येणार आहे का सोलायला?”

त्यांच्यापुढे बोलण्यात कुणाचाच निभाव लागत नसे. मुलाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. बायको ओट्याशी उभी राहून मघाशीच धुतलेलं पातेलं पुन्हा धूत होती. खरं सांगायचं तर आज ती पूर्णपणे सासूबाईंच्या बाजूची होती. त्या घरी राहिल्या तर बरंच. जे काय बरंवाईट व्हायचं ते निदान त्यांच्या डोळ्यांदेखत तरी होणार नव्हतं.

“तू तरी सांग की तिला,” नवरा म्हणाला.

“त्यांना नसेल यायचं तर कशाला उगीच...” ती बोलायला लागली. तिने नळ मोठा केला.

सासूबाईंनी मान वर केली. सुनेच्या पाठीकडे, मग ती वळल्यावर तिच्या चेहऱ्याकडे त्या जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग हातातली शेंग तशीच परातीत टाकून उठल्या.

“थांब. कपडे बदलून आले,” त्या म्हणाल्या. “वाटाणे काही पळून जात नाहीत.”

मुलाला वाटलं, आपणच जिंकलो. तो शीळ घालत आपल्या कामाला निघून गेला.

शिवणखातं वस्तीच्या टोकाला एका लांबलचक शेडमध्ये होतं. तिथे छत्र्या शिवल्या जात, पण पावसातल्या नव्हेत. विमानातून उडी टाकणाऱ्यांच्या, पूर आला की वरून धान्याच्या गोणी सोडायच्या, अशा. पॅराशूट हा शब्द कागदोपत्री होता, बायका छत्रीच म्हणायच्या. तीन वर्षांपूर्वी खात्याकडे मंगळाची छत्री आली तेव्हाही त्यांनी शब्द बदलला नाही. सहा चाकांची एक यंत्रगाडी, आत माणूस नाही, दगडमाती तपासत फिरणार. तिला त्या परक्या आभाळातून खाली अलगद उतरवायची तर आधी तिचा वेग मोडायला हवा, आणि तो मोडायचा या छत्रीने. ऐंशी पाकळ्या, एकेक पाकळी दोन खोल्यांइतकी लांब, कापड कांद्याच्या सालीसारखं.

इथे नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. प्रत्येकीला एक नंबर आणि त्या नंबरचा एक रबरी शिक्का. पाकळी शिवून झाली की कडेला आपला शिक्का मारायचा, म्हणजे पुढे काही झालंच तर कुणाचा हात होता ते कळावं. सासूबाई सात नंबर, सून एकतीस. खरं तर ती सून व्हायच्या कितीतरी आधी एकतीस नंबर झाली होती. सासूबाईंनीच तिला मशीनवर बसवलं, टाका शिकवला, वर्षभर पारखून घेतलं आणि एक दिवस घरी जाऊन मुलाला सांगितलं, “मी मुलगी बघितलीय. हात सरळ आहे तिचा.” मुलाने आधी चेहरा बघितला, पण हरकत घेतली नाही.

शेडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत एकच नियम रंगवलेला होता: उसवलं तर सांगा. नियम साधा होता. टाका चुकला तर उसवायला बंदी नव्हती, पण उसवलेली जागा तपासनिसांना दाखवायची, आणि ती पाकळी बाद करायची. कारण टाका निघतो, सुईचं भोक राहतं. घरच्या परकराला त्याने काही होत नाही. पण बंदुकीच्या गोळीसारख्या सुटलेल्या गाडीमागे छत्री जेव्हा फाडदिशी उघडते, तेव्हा कापड फाटायला नेमकी अशीच भोकांची जुनी ओळ शोधतं.

आणि दोन वर्षांपूर्वी, एका भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, एकतीस नंबरने उसवलं होतं आणि सांगितलं नव्हतं.

पाकळी तिची नव्हतीच. सात नंबरची होती. सासूबाईंना निवृत्त व्हायला एक महिना उरला होता. त्यांचा हात थरथरू लागल्याचं घरात कुणी बोलत नसलं तरी कपातला चहा बशीत सांडायचा. तपासनिसांनी दोनदा त्यांची शिवण बाजूला काढली होती. तिसऱ्यांदा निघाली असती तर मशीनवरून उठवून दोरे कापायच्या टेबलावर बसवलं असतं. चौतीस वर्षं जिने साऱ्या खात्याला टाका शिकवला, ती शेवटचा महिना दोरे कापणार! त्या दुपारी सुनेने ट्रेमधली पाकळी सहज उचलून बघितली, तर मधे वीतभर शिवण वाकडी गेलेली. तिने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्या जेवायला गेलेल्या. तिने वीतभर उसवलं, पुन्हा शिवलं, आणि सात नंबरचा शिक्का होता तिथेच राहू दिला. तपासनिसांनी भिंग लावून पाहिलं आणि पाकळी पास केली. तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी ती घरी गाणं गुणगुणत गेली.

भीती नंतर आली. त्यानंतर चारच दिवसांनी सासूबाईंनी अचानक काम सोडलं. निरोप समारंभ नाही, हारतुरे नाहीत, “कंटाळा आला” एवढंच. खात्यात कुजबुज झाली की म्हातारीचा ताठा काही जात नाही. सुनेला वाटलं, हाताची लाज वाटली असणार त्यांना. आता आपण तोंड उघडलं तर त्यांची उरलीसुरली अब्रूही जाईल. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता पाकळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, छत्री दाबाखाली लाकडासारखी घट्ट होऊन डब्यात बसली, डबा गाडीवर चढला आणि गाडी आभाळात गेली. आता सांगायला काही उरलंच नाही. सात महिने ती रोज अंथरुणावर पडली की ती वीतभर जागा डोळ्यांपुढे यायची. हजारो माणसांची दहा-दहा वर्षांची मेहनत, आणि आपली एक वीत.

शेडमध्ये कापड कापायची मोठी टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे टीव्ही. सासूबाई आत येताच जुन्या बायकांनी गलका केला. भिंग घेऊन फिरणारे तपासनीस, ज्यांना सगळे भिंगवाले म्हणत, ते चटकन उठून उभे राहिले आणि आपली खुर्ची त्यांना दिली.

“बसा, बाई. इथून नीट दिसेल,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात असा काही आदर होता की सुनेने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. यांना काही कळलंय की काय?

मॅनेजर नवे होते, सहा महिन्यांपूर्वीच आलेले, उत्साहाने उतू जाणारे. “आज आपल्यात सात नंबर आहेत,” ते म्हणाले. “या खात्याचा हात! मंगळावर आज जो टाका पोचणार, तो यांनी शिकवलेला आणि यांनी घातलेला!” टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई उठल्या नाहीत. मांडीवरच्या हातांकडे बघत बसून राहिल्या. भिंगवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या नाहीत. ते आपल्या बुटांकडे बघत होते.

टीव्हीवरची निवेदिका चक्क बागडत होती. गाडी मंगळाच्या हवेत शिरायला आता बारा मिनिटं, आता दहा. “पण लक्षात ठेवा,” ती सांगत होती, “तिथून संदेश यायला अकरा मिनिटं लागतात. आपण जे पाहू, ते तिथे अकरा मिनिटांपूर्वी घडून गेलेलं असेल.”

“म्हणजे झालंसुद्धा असेल?” मागून एकीने विचारलं.

“अजून नाही गं. पण होईल तेव्हा आपल्याला पत्ता नसणार.”

“आमच्या ह्यांच्यासारखंच. बदलीची बातमी मला शेजारणीकडून कळली.”

सगळ्या हसल्या. सून हसली नाही. तिचे तळवे गार पडले होते. घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि निवेदिका म्हणाली, या क्षणी तिथे छत्री उघडत असेल, किंवा उघडली असेल, आणि आपण मात्र अकरा मिनिटं थांबायचं. सुनेला ते सहन होईना. ती खुर्ची सरकवून सासूबाईंच्या अगदी जवळ गेली.

“आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय.”

“आत्ता?”

“आत्ताच. नंतर नाही जमणार मला.” तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जेवणाची सुट्टी, वीतभर शिवण, शिक्का, सगळं. “ती फाटली तर माझ्यामुळे फाटेल, आणि नाव तुमचं निघेल. सात नंबर आहे तिच्यावर. मी तुमचं भलं करायला गेले, आई, आणि...”

सासूबाई टीव्हीकडेच बघत होत्या. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि सुनेचा गार हात आपल्या हातात घेतला. त्यांचा हात थरथरतच होता.

“उघडेल,” त्या म्हणाल्या.

“कशावरून?”

“सांगते ना, उघडेल. गप बघ.”

पडद्यावर नियंत्रण कक्षातली माणसं दिसत होती, एकसारखे शर्ट घातलेली. त्यातल्या एकाने नखं खायला सुरुवात केली होती, दुसरी एक मुलगी डोळे मिटून बसली होती. एक आवाज आकडे सांगत होता. गाडी हवेत शिरली. तिच्याभोवती आग. वेग ताशी वीस हजार किलोमीटर. पंधरा. मग मधे आवाज तुटला, नुसती खरखर. शेडमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. कुणाच्या तरी हातातली बशी खळखळली आणि शेजारणीने ती काढून घेतली.

पुन्हा आवाज आला. “गाडीने छत्री सोडण्याचा आदेश दिला आहे.”

एक सेकंद. दोन. तीन. सुनेने डोळे घट्ट मिटले. तिला कापड दिसत होतं, पांढरं, ताणलेलं, आणि त्यात ती भोकांची ओळ.

“छत्री उघडली आहे. वेग कमी होतोय. वेग कमी होतोय!”

शेड उसळली. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, कुणी टेबलावर थापा मारल्या, एक जाडजूड बाई खुर्चीवर चढली आणि खुर्चीसकट डुलू लागली. “आपली आहे ती! आपली!” मॅनेजर ओरडत होते. नियंत्रण कक्षातल्यांना मात्र अजून उसंत नव्हती. छत्री सुटली, आपलं काम करून वाऱ्याबरोबर बाजूला गेली, खालची इंजिनं पेटली, शंभर मीटर, साठ, वीस. मग तो आवाज एकदम माणसासारखा फुटला: “उतरली! जमिनीवर आहे, सुखरूप आहे!” काही वेळाने एक चित्र आलं. धुरकट, करडं, एका कडेला चाकाचा कोपरा, पुढे खडे आणि लांबवर सपाट जमीन. जिथे आजवर कुणाची सावली पडली नव्हती, तिथे गाडीची सावली पडली होती. खुर्चीवर चढलेली बाई ते नीट बघायला खाली उतरून पुढे आली.

सून तिथून उठून मागच्या नळाकडे गेली आणि तोंडावर पाणी मारता मारता हुंदके देऊन रडू लागली. दोन वर्षांचं सगळं एकदमच बाहेर पडत होतं. मागून सासूबाई आल्या, पदर नाही की रुमाल नाही, सरळ आपल्या तळहाताने त्यांनी तिचे गाल पुसले.

“पुरे आता. नळाला पाणी कमी पडतंय म्हणून रडतेस का?”

“तुम्हाला कसं माहीत होतं, आई? उघडेल म्हणून?”

सासूबाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या. “कारण ती पाकळी तिथे गेलीच नाही.”

“म्हणजे?” सुनेने विचारलं.

“पास होऊन आलेली पाकळी मी जोडायला हातात घेतली,” त्या सांगू लागल्या. “शिवणीवरून बोट फिरवलं. अगं, माझा टाका मला कळणार नाही? शिवण संपवताना मी तीन टाके उलटे घालते. तिथे चार होते. चार कोण घालतं? तू. पहिल्या दिवसापासून एक टाका जास्त घालतेस, भित्री कुठली.”

“मग तुम्ही...”

“भिंगवाल्यांकडे गेले. म्हटलं, ही मी उसवलीय, मीच पुन्हा शिवलीय आणि सांगितलं नाही. माझा हात आता भरवशाचा राहिला नाही. माझ्या नंबरच्या जेवढ्या असतील तेवढ्या काढा.”

सुनेला आठवलं, त्याच आठवड्यात कापडाच्या गठ्ठ्यात खोट निघाली म्हणून नऊ पाकळ्या नव्याने कापून आल्या होत्या. त्यातल्या तीन तिनेच शिवल्या होत्या. कुठल्या बाद झाल्या ते विचारायची तिची छाती झाली नव्हती.

“नऊच्या नऊ?” तिने विचारलं.

“नऊच्या नऊ. त्यातल्या आठ चांगल्या असतीलही. पण एकदा हातावरचा भरवसा गेला की आठ कोणत्या ते कोण ठरवणार?” सासूबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा तरी हात मांडीवर ठेवलाय. “भिंगवाले म्हणाले, आपण गठ्ठ्याचं नाव सांगू, तुम्ही महिना काढा, निरोप घेऊन जा. पण कसला निरोप घ्यायचा? त्या भिंतीखाली उभं राहून हार घालून घ्यायचा होय?”

“म्हणजे या छत्रीत तुमचा...”

“एकही टाका नाही.” त्या हे इतक्या सरळ आवाजात म्हणाल्या की सुनेला पुन्हा भरून आलं. मघाशी साऱ्या शेडने ज्या हातासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तो हात त्या छत्रीत नव्हताच, आणि ते ठाऊक असून ही बाई मान खाली घालून त्या टाळ्या ऐकत बसली होती. फक्त सुनेला एकटं सोडायचं नाही म्हणून आली होती.

“मला का नाही सांगितलंत? दोन वर्षं, आई!”

“सांगितलं असतं तर तू त्याच पावली धावत जाऊन कबूल करून आली असतीस. नोकरी गेली असती तुझी. मला वाटलं, तू ते करून विसरूनही गेलीस. आज सकाळी पातेलं दुसऱ्यांदा घासताना तुझा चेहरा बघितला तेव्हा डोक्यात उजेड पडला.” त्या थांबल्या. “तू इतके दिवस जीव मुठीत धरून राहिलीस. हे मात्र माझं चुकलं, पोरी.”

सून उठली. “मी आत्ता जाऊन सांगते भिंगवाल्यांना. चूक माझी होती.”

“खाली बस. काय सांगशील? की मी खोटं बोलले? जन्मात एकदा धड खोटं बोललेय, ते तरी टिकू दे.”

ती हसली का रडली, तिचं तिलाच कळलं नाही. तिने खाली बसून सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, असं तिने आधी कधी केलं नव्हतं. सासूबाईही जरा अवघडल्या, मग तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

आतून हाका आल्या. छत्री नीट उघडल्याची बातमी आली की उरलेल्या कापडाचा एक तुकडा टेबलावर पसरायचा, तिला ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांनी त्यावर आपापले शिक्के मारायचे आणि तो भिंतीवर टांगायचा, अशी खात्याची रीत होती. दोघी आत आल्या तेव्हा तुकडा जवळजवळ भरत आला होता. मॅनेजरांनी कुठल्याशा खणातून सात नंबरचा जुना शिक्का शोधून काढला होता आणि तो शाईत बुडवून ते हात पुढे करून उभे होते.

“या, या! तुमच्यासाठी वरच्या ओळीत जागा राखून ठेवलीय.”

सहा आणि आठच्या मधे बायकांनी खरोखरच बोटभर जागा सोडली होती. सासूबाईंनी ती पाहिली. सुनेने त्यांचा दंड धरला.

“साहेब, माझी पाकळी नाहीये तिच्यात,” त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. “माझ्या होत्या त्या बाद झाल्या. हात थरथरायला लागला होता माझा. ज्याचा टाका नाही त्याने शिक्का मारू नये.”

मॅनेजर शिक्का हातात धरून नुसते उभे राहिले. भिंगवाले पुढे आले, त्यांनी तो शिक्का त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला, रुमालाने शाई पुसली आणि दोन्ही हातांनी सासूबाईंना दिला. त्यांनी तो मुठीत मिटून घेतला.

“हिचा राहिलाय,” त्या सुनेला पुढे करत म्हणाल्या. “एकतीस. आणि नव्याने कापून आल्या त्यातल्या तीन हिच्या आहेत.”

सुनेने आपला शिक्का शाईवर टेकवला आणि शेवटच्या ओळीत मारला. आकडा किंचित तिरका पडला. वरची ती बोटभर जागा पांढरीच राहिली. सासूबाई चष्मा सावरून टेबलावर वाकल्या, एकतीसकडे नीट पाहिलं आणि शाई पसरू नये म्हणून वाळेपर्यंत त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिल्या.